चोथ्यातली साखर

८ सप्टेंबर, सोमवार

आधी वाईट बातमी लिहून मोकळा होतो. अठ्ठावीस ऑगस्टला आमच्या डिपार्टमेंटमधल्या अकरा जणांना पत्रं मिळाली, त्यात एक माझं. तीस नोव्हेंबरनंतर काँट्रॅक्ट नाही. कतारमध्ये एकोणीस वर्षं गॅस प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर म्हणून काढली आणि पत्र दीड परिच्छेदाचं. बायकोला, संजीवनीला, अजून सांगितलेलं नाही. मुलगी भैरवी पुण्याला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संजीवनीला सांगायचं ते हातात दुसरं काहीतरी घेऊनच, असं मी ठरवलंय.

आणि ते दुसरं काहीतरी आज सापडलं! महमूदचा फोन आला. हा अलेक्झांड्रियाचा, पूर्वी आमच्याच प्लांटवर होता, आता इंडस्ट्रियल एरियात एका शीतपेयांच्या कारखान्याचा प्रॉडक्शन मॅनेजर आहे. इथे माल्टचं बिनदारूचं पेय सगळेच पितात, पण ते बहुतेक बाहेरून आणलेल्या पाकात पाणी घालून बनतं. महमूदच्या मालकाला ते अस्सल, मोड आणून वाळवलेल्या सातूपासून करायचंय. अडचण एकच. दाण्यात जेवढी साखर मिळू शकते, त्यातली जेमतेम साठ टक्के त्यांच्या हाती येते. बाकीची चोथ्याबरोबर कचऱ्यात.

"गुरुप्रसाद," महमूद म्हणाला, "तू मला ऐंशी टक्के करून दाखव. मी तुला मालकासमोर उभा करतो. पंचवीस ऑक्टोबरला ते ट्रायल बघणार आहेत."

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी इतका साधा, इतका सुंदर प्रश्न दिला नव्हता. गाडीत एकटाच टाळ्या वाजवत घरी आलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला घाणा!

महमूदने माल्टची, म्हणजे त्या वाळवलेल्या सातूची, दोन पोती दिली. अझीझियातल्या आमच्या फ्लॅटच्या स्टोअररूममधली घरघंटी बाहेर काढली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी घेतलेल्या तीस लिटरच्या स्टीलच्या पातेल्याला खाली तोटी बसवून घेतली, आत तळाला जाळी. कृती अशी: माल्ट भरड दळायचं, साधारण सदुसष्ट अंशाच्या पाण्यात तासभर धरून ठेवायचं. याला मॅश म्हणतात. दाण्यातल्याच एन्झाइमांमुळे स्टार्चची तिथे आपोआप साखर होते. मग तोटी उघडून गोड पाणी काढायचं आणि उरलेल्या चोथ्यावर गरम पाणी सोडून त्यातली साखर धुऊन घ्यायची. एवढंच.

संजीवनी दारात उभी. "अहो, हे बिअरचं तर नाही ना काही? इथे पोलीस धरून नेतील."

मी म्हटलं, यीस्ट नाही, आंबवणं नाही. लगेच उकळायचं, गार करायचं, फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत प्यायचं. उसाचा रस समज. तिने मान हलवली, पण पातेल्यावरची नजर काही काढली नाही. नंतर ती शेजारी हळदीकुंकवाला गेली.

पाच किलो माल्ट पाण्यात ओतलं, वरून एकदा फिरवलं, झाकण लावलं. माझा नियम: तासभर झाकण उघडायचं नाही. उष्णता गेली की सगळंच गेलं.

वीस लिटर निघालं. दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघायचं एक छोटं यंत्र असतं, त्यात साखरेचे अंश दिसतात. अकरा. म्हणजे दोन किलो तीनशे ग्रॅम साखर; मिळायला हवी तीन किलो नऊशे.

एकोणसाठ टक्के. महमूदपेक्षाही वाईट! पण काय मजा आली म्हणून सांगू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

चोथा संजीवनीने टाकून दिलाच नव्हता. आज त्याची तांदळाचं पीठ, कांदा-मिरची घालून थालीपिठं केली. "चव चांगली आहे," म्हणाली, "पण मध्येमध्ये कोरडं पीठ लागतंय दाताखाली." मी म्हटलं, तांदळाचं पीठ नीट मिसळलं नसशील. तिने पुढचं थालीपीठ वाढलं.

संध्याकाळी ती अस्पायर पार्कात फिरायला गेली होती. तिथे आमच्या एचआरमधली तेजश्री भेटली म्हणे. बराच वेळ बोलत बसल्या होत्या. बायकांना बरे विषय मिळतात.

२० सप्टेंबर, शनिवार

दुसरा घाणा. फजिती. दळण बारीक केलं तर साखर जास्त सुटेल म्हणून घरघंटीला बारीक जाळी लावली. गोड पाणी यायला लागलं, मग बारीक धार, मग थेंब थेंब, मग काहीच नाही. चोथा तळाशी सिमेंटसारखा बसला. दोन तास पातेल्यापुढे बसून होतो.

संजीवनी म्हणाली, "कुरडईचा चीक शिजवताना आपण नाही का..."

"कुरडई वेगळी गं," मी म्हटलं, "हे एन्झाइमचं काम आहे."

"बरं," म्हणाली, आणि ओटा पुसायला लागली.

धडा: जाळी जाडच. सालं अख्खी राहिली पाहिजेत, तीच गाळणीचं काम करतात. हे उमगल्यावर मात्र फजितीचं काही वाटेना. एक दार बंद झालं म्हणजे शोधायची जागा कमी झाली.

नवा सोफा घ्यायचं गेले सहा महिने चाललं होतं. आज संजीवनी आपणहून म्हणाली, राहू दे, जुना चांगला आहे. सुटलो! नाहीतर काय सांगणार होतो?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं! बहुतेक सापडलं!

इथलं पाणी म्हणजे गोडं केलेलं समुद्राचं पाणी, त्यात क्षारांचा अंश फारच कमी. एन्झाइमला कॅल्शियम लागतं, किंचित आंबटपणा लागतो. आज चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड आणि लिंबूसत्व घातलं. झाकण लावलं तेवढ्यात भैरवीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या स्टुडिओचं मॉडेल, तिच्या मैत्रिणी, मेसचं जेवण, सगळं ऐकून होईपर्यंत चाळीस मिनिटं बाल्कनीत गेली. आत आलो तर संजीवनी मोठा लाकडी कालथा धूत होती.

वीस लिटर, तेरा अंशांच्या वर. बहात्तर टक्के!

एका चिमटीने तेरा टक्के! मी संजीवनीला हात धरून स्वयंपाकघरात गोल फिरवलं. "काय हो हे," म्हणाली, पण हसत होती. पुष्कळ दिवसांनी अशी हसली.

४ ऑक्टोबर, शनिवार

त्रेसष्ट.

तेच पाणी, तीच चिमूट, तेच दळण. मी घड्याळ लावून पातेल्यासमोर बसलो होतो, जागचा हललो नाही, झाकणाला बोट लावलं नाही. संजीवनी मंडळाच्या मीटिंगला गेली होती, त्यामुळे घरात काही गडबडही नव्हती. मग चुकलं काय? माल्टला दमट हवा लागली का?

जरा घाबरलो आहे, हे लिहून ठेवतो. आठ आठवडे उरले. दुपारी ऑफिसमधल्या एकाने निरोपाचा मेल पाठवला, तो वाचून खुर्चीत बसवेना. इथून गेलो तर या वयात नाशिकला कोण काम देणार?

संध्याकाळी संजीवनीने विचारलं, "महमूदभाईंना आकडे कळवले का?"

"कशाला? हा तर माझा छंद आहे."

"छंदच," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी मी घरी असताना करा."

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एकोणऐंशी!!!

आज आधी थर्मामीटर तपासला. उकळत्या पाण्यात तो अठ्ठ्याण्णव दाखवतो! म्हणजे मी आजवर दोन अंश जास्तच गरम करत होतो. दुरुस्ती धरून पाणी घेतलं. माल्ट ओतलं, झाकण लावतोय एवढ्यात संजीवनी म्हणाली, "अहो, कोथिंबीर संपली. आत्ताच्या आत्ता हवी."

गेलो. शुक्रवारची नमाजाची वेळ, दुकान बंद. पाऊण तास गाडीत एसी लावून बसून राहिलो. एकोणीस वर्षं इथे राहून हिला ही वेळ लक्षात राहत नाही म्हणजे कमाल आहे. पण आल्यावर यंत्रात पाहिलं आणि राग पळाला. चौदा अंश आणि वर आणखी अर्धा!

दोन अंशांचा फरक, बस्स. विज्ञान म्हणजे विज्ञान. महमूदला मेसेज टाकला. त्याचं उत्तर: "माशाल्ला! पंचवीसला ये."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

एक्क्याऐंशी पॉइंट सहा. हा आकडा मी दोनदा तपासला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा तपासला.

आज पातेल्याला गोधडी गुंडाळली, उष्णता आतच राहावी म्हणून. संजीवनीला फराळाचा डबा पलीकडच्या बिल्डिंगमध्ये पोचवायचा होता, तो "तुम्हीच द्या" म्हणाली. तिथे चकली, चहा, गप्पा. परत आलो तर गोधडीची गाठ वेगळीच वाटली, पण पाण्याचं तापमान बरोबर टिकलं होतं. गोधडी ठरली! पाणी, तापमान, गोधडी. तीन पानी रिपोर्ट केला, त्यात ग्राफ.

निम्म्या रसात संजीवनीने सुंठ, वेलची आणि थोडं लिंबू घातलं. गार करून प्यालो. असं काही मी कधी प्यालो नव्हतो. भाजलेल्या पोळीसारखा वास आणि मागून सुंठेची चुणचुण. मंडळाच्या लोकांनी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी दहा लिटर मागितलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

चौसष्ट.

लिहवत नाहीये, पण लिहितो.

कारखान्यातली चाचणीची टाकी दोनशे लिटरची. तिला ढवळायची सोय नाही. मोठी टाकी, तिची यंत्रं, सगळं मालकाला आकडा पटल्यावर येणार. पाण्याची मापं माझी, तापमान माझं, टाकीभोवती चांगलं जाड आवरण. तबिश नावाचा कानपूरचा ऑपरेटर मदतीला होता, चाळिशीचा, सरळ माणूस. त्याने पोतं उचलून पन्नास किलो ओतलं, मी झाकण लावलं. "झाकण उघडायचं नाही," मी सर्वांना बजावलं. मालक तासभर थांबले. शांत माणूस, हातात माळ. मी त्यांना ग्राफ दाखवले.

मग रस काढला. महमूदने स्वतः यंत्रात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता आकडा सांगितला.

मालकांनी माळ खिशात ठेवली. "शुक्रन" म्हणाले आणि गेले. महमूदने गेटपर्यंत सोडलं. "ते शुक्रवारी इस्तंबूलहून परत येतायत. शनिवारी अजून एकदा. त्यानंतर खलास, माझ्या हातात काही नाही."

संजीवनी जेवायला थांबली होती. मला ताट पुढे घेववेना.

"एक सांगायचंय," मी म्हटलं.

"तीस नोव्हेंबर ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तेजश्रीने पार्कात सांगितलं. तिला वाटलं, मला ठाऊकच असणार. बिचारी नंतर ओशाळली."

"सप्टेंबरपासून माहीत होतं तुला? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात," ती म्हणाली. "रात्रंदिवस आकडे, ग्राफ. मला वाटलं, सांगतील तेव्हा सांगतील. तोवर हे बरं चाललंय."

मग मी सगळं सांगितलं. महमूद, मालक, चौसष्ट. ऐकताना तिने एकच विचारलं.

"टाकीत गुठळ्या फोडल्या का कुणी?"

"कसल्या गुठळ्या?"

तिने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुम्ही पाच किलो पीठ एकदम पाण्यात लोटता आणि झाकण लावून बसता! आत लाडूएवढ्या गुठळ्या होतात. वरून ओल्या, आतून भुकटी. पाणी शिरणारच नाही तर साखर कुठून होणार? पहिल्या थालीपिठातच कळलं मला. तुम्ही ऐकून घेईनात, मग तुमची पाठ वळली की मी झाकण काढायची आणि कालथ्याने सगळ्या गुठळ्या कडेला दाबून फोडायची. दर पंधरा मिनिटांनी एकदा तळापासून वर."

"आणि कोथिंबीर?"

"कोथिंबीर भरपूर होती."

मी वही आणली. तिच्यासमोर एकेक घाणा वाचला. बहात्तर, ती घरी. त्रेसष्ट, ती मीटिंगला. एकोणऐंशी, एक्क्याऐंशी, ती घरी. माझे तीन पानी ग्राफ, आणि त्यात मुख्य गोष्टच नाही. खरं लिहायचं तर झोंबलं. पाच मिनिटं चांगलंच झोंबलं.

आणि मग एकदम अंगात वीज आल्यासारखं झालं. अरे, म्हणजे उत्तर आहे! उत्तर घरातच आहे!

"शनिवारी तू चल," मी म्हटलं.

"मी? कारखान्यात? तिथे सगळे पुरुष..."

"तूच चल. मला नुसतं सांगून जमणार नाही."

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन दिवस तालीम चालली आहे. संजीवनी शिकवतेय, मी शिकतोय. पाणी आधी. पीठ चाळणीतून भुरभुरत, एका हाताने सोडायचं, दुसऱ्याने ढवळायचं. गुठळी दिसली की पाठलाग करायचा नाही, कडेला घेऊन दाबायची. माझ्या मनगटाला रग लागली. तिच्या नाही.

मीही काही शिकवलं. पाण्यातलं कॅल्शियम आणि थर्मामीटरचे ते दोन अंश खोटे नव्हते. त्यांनीही चार-पाच टक्के दिलेत. आज दोघांनी मिळून केलेला घाणा: त्र्याऐंशी. तिने यंत्र स्वतः डोळ्याला लावलं, खिडकीकडे वळली आणि ओरडली, "अगं बाई, रेघ केवढी वर आहे!"

मी हे लग्नाच्या सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणजे ती अशी ओरडते, हे.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आठला गेटवर. तिला पांढरा कोट आणि केसांची जाळी दिली. कोट गुडघ्याच्या खाली येत होता. महमूद जरा गोंधळला. "मॅडम बघायला आल्यात का?"

"करायला," मी म्हटलं.

टाकीपाशी लोखंडी पायऱ्या आहेत. ती चढली. तबिश पोतं उचलून ओतणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "भैया, रुको. एकदम नहीं. बारिश जैसा डालना है." तबिशने पोतं खाली ठेवलं, बादली घेतली. ती लाकडी वल्ह्यासारखी फळी दोन्ही हातांत धरून तळापासून ओढत होती, तो वरून भुरभुरत होता. मी तापमान वाचत होतो. पन्नास किलोला पंचवीस मिनिटं लागली.

मालक आले तेव्हा टाकी उघडी होती. त्यांनी महमूदकडे पाहिलं. मागच्या वेळी झाकण उघडायचं नाही म्हणून बजावणारा माणूस मीच. मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात मी चुकीचं सांगितलं होतं, सर. आज बरोबर काय ते माझी बायको करतेय." हे वाक्य इंग्रजीत बोलताना मला घाम फुटला होता. बोलल्यावर हलकं वाटलं.

दर पंधरा मिनिटांनी ती पायऱ्या चढायची. तिसऱ्या वेळी तबिश म्हणाला, "दीदी, मैं करूँ?" तिने त्याला फळी दिली आणि शेजारी उभी राहून दाखवत राहिली. "हां, किनारे पे दबाओ. वो देखो, सूखा निकला ना अंदर से?" तबिशने फुटलेली गुठळी हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. पांढरी भुकटी. महमूदने ती बोटांत चुरडली आणि अरबीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला.

रस वाहायला लागला तो आधीपेक्षा गडद. महमूदने दोन थेंब घेतले. मी डोळे मिटले.

"एटी टू."

मी ओरडलो. तबिशने ओरडून साथ दिली. महमूदने मला मिठी मारली आणि संजीवनीला छातीवर हात ठेवून सलाम केला. मालकांनी एक ग्लास मागवला. संजीवनीने पर्समधून सुंठ-वेलचीची डबी काढली! मला पत्ता नव्हता. चिमूटभर घातली, बर्फ घातला. ते उभ्याउभ्याच सगळं प्यायले, ग्लास उलटा करून तळ पाहिला.

"हे कोण शिकवेल माझ्या माणसांना?" त्यांनी विचारलं.

मी बाजूला सरकलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पत्र आलं. एक वर्षाचं काँट्रॅक्ट, प्रोसेस लीड, डिसेंबरपासून. पूर्वीपेक्षा खालची पायरी आहे आणि वर्षानंतरचं काही सांगता येत नाही. चालेल. धावेल! भैरवीला फोन केला, सगळं खरं सांगितलं, ऑगस्टच्या पत्रापासून. ती रडली, मग चिडली की मला का नाही सांगितलं, मग म्हणाली, "बाबा, म्हणजे आईनेच केलं ना सगळं?" हो म्हटलं.

संजीवनीला आठवड्यातून तीन सकाळी बोलावलंय, ऑपरेटरांना शिकवायला आणि नव्या चवी ठरवायला. तिच्या व्हिसावर कामाची परवानगी निघते, महमूदच्या ऑफिसने विचारून घेतलं. ती दोन दिवस "बघू" म्हणत होती. आज कपाटातून चपटे बूट काढून तिने पॉलिश करायला ठेवले.

९ नोव्हेंबर, रविवार

महमूदच्या ऑफिसात फॉर्म भरायला गेलो. महमूद कॉम्प्युटरवर टाइप करत होता, ती समोर बसून उत्तरं देत होती. नाव. पासपोर्ट. शिक्षण: बी.ए., नाशिक. मग तो थांबला.

"कामाचा अनुभव, किती वर्षं?"

मी तोंड उघडणार होतो. नसेल तर रिकामं ठेव, चालतं, असं काहीतरी. पण ती आधीच बोलली, स्वच्छ इंग्रजीत.

"ट्वेंटी सिक्स."

महमूदने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे हात केला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दोन्ही आकडे दाबले आणि पुढचा रकाना विचारला.